दरबाराच्या चित्राला आधी तारीख विचारा

शनिवारवाड्यातल्या दरबाराचं ते मोठं तैलचित्र बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलंय. कोवळ्या वयाचे सवाई माधवराव, जवळ नाना फडणवीस, आणि कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट तहाचा कागद पेशव्यांच्या हाती देतोय. पेशवाईचा विषय निघाला की कुणीतरी हे चित्र टाकतंच आणि मग त्याच्याखाली ठरलेलं भांडण सुरू होतं. एक गट म्हणतो बघा, इंग्रज कसे आपल्या दारात तह मागायला यायचे, काय तो थाट, काय ती शान. दुसरा गट म्हणतो की इंग्रजाने पैसे मोजून इंग्रजाकडून काढून घेतलेलं चित्र आहे हे, साम्राज्याची जाहिरात, ती आपण पुस्तकांच्या कव्हरवर का मिरवायची, काढून टाका. १८७७ च्या दिल्ली दरबाराचं चित्र आलं की तेच, फक्त गटांच्या जागा बदलतात. इतकी वर्षं हे भांडण चाललंय पण हे चित्र नक्की कोणत्या वर्षी काढलं, एवढा साधा प्रश्न विचारणारा माणूस मला त्यात क्वचितच भेटलाय.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ही चित्रं भिंतीवर राहिली पाहिजेत, पाठ्यपुस्तकात छापली पाहिजेत, पण पुरावा म्हणून. म्हणजे ज्याचा त्या प्रकरणात स्वतःचा फायदा-तोटा गुंतलाय अशा साक्षीदाराची साक्ष जशी घेतो तशी, उलटतपासणी करून. अशा साक्षीदाराला कोर्ट हाकलून देत नाही आणि त्याचा शब्द न् शब्द खराही मानत नाही. चित्राची ऑर्डर कुणी दिली, चित्रकार त्या दिवशी तिथे होता का, प्रसंग कधीचा आणि चित्र कधीचं, आणि त्या चौकटीत कोण नाही, हे विचारलं की चित्र बोलायला लागतं. ते न विचारता अभिमान बाळगणं आणि ते न विचारता संताप करणं यात मला फारसा फरक दिसत नाही, दोघंही चित्राकडे खिडकी म्हणूनच बघतात, फक्त एकाला पलीकडचं दृश्य आवडतं आणि दुसऱ्याला आवडत नाही.

आता त्या शनिवारवाड्याच्या चित्राचंच घ्या. चित्रातला प्रसंग १७९० चा. टिपूविरुद्धच्या लढाईसाठी कंपनीला मराठे आणि निजाम दोघंही हवे होते, पुण्याचा तह १ जून १७९० ला झाला. आणि चित्र? ते थॉमस डॅनियलने १८०५ साली लंडनमध्ये पूर्ण केलं. मध्ये पंधरा वर्षं गेली. डॅनियल त्या दरबारात नव्हता, त्या वर्षी तो आणि त्याचा पुतण्या उत्तर हिंदुस्थानात चित्रं काढत फिरत होते. ज्याच्या स्केचेसवरून त्याने हे काम केलं तो जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरलाच १७९१ मध्ये आणि पुण्याला पोचला १७९२ मध्ये, म्हणजे तोही तहाच्या दरबाराला हजर नव्हता. वेल्सने नंतर पुण्यात राहून माणसांचे चेहरे, महालाची रचना, पोशाख हे सगळं समोर बसून काढलं, पण नोव्हेंबर १७९५ मध्ये साष्टीतल्या लेण्यांची चित्रं काढता काढता आजारी पडून तो गेला. सवाई माधवराव त्याच्या आदल्याच महिन्यात गेले होते. मॅलेटने पुढे वेल्सच्या मुलीशी, सुझानाशी, लग्न केलं आणि सासऱ्याची स्केचेस डॅनियलकडे देऊन आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या कामगिरीचं चित्र पुरं करून घेतलं.

आता १८०५ च्या लंडनमध्ये हे चित्र बघणाऱ्या माणसाला काय माहिती होतं ते आठवा. सवाई माधवराव जाऊन दहा वर्षं झालेली, नाना १८०० मध्ये गेलेले. १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईला तैनाती फौजेच्या तहावर सही केलेली. १८०३ मध्ये असईला शिंद्यांच्या फौजेचा पराभव झालेला. म्हणजे ज्या दरबारात कंपनी गरजू म्हणून आली होती तो दरबार चित्र पूर्ण होईपर्यंत कंपनीच्या छत्राखाली गेला होता. चित्रातला मॅलेट एका बरोबरीच्या, खरं तर त्या क्षणी वरचढ असलेल्या सत्तेशी तह करतोय, आणि चित्र बघणाऱ्याला मात्र शेवट माहीत आहे. त्याच्या डोळ्यांना तो कागद पुढच्या सगळ्या विजयांची पहिली पायरी दिसणार. मॅलेट या तहाच्या कामगिरीबद्दल बॅरोनेट झाला होता, निवृत्त होऊन इंग्लंडला परतला होता, आणि गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या पिढीने सगळं श्रेय नेण्याच्या दिवसांत त्याला सांगायचं होतं की पाया मी घातला. हे चित्र ही त्याची कैफियत आहे.

मग अभिमानवाले चूक का? नाही, अर्ध्या गोष्टीत ते बरोबर आहेत आणि ते मान्य करायला हवं. १७९० मध्ये कंपनीला मराठ्यांची खरोखर गरज होती, मॅलेट पुण्यात वर्षानुवर्षं नानांच्या कलाने चालत होता, हे चित्राने रचलेलं खोटं नाही, पत्रव्यवहारातून तेच दिसतं. पण त्या थाटापुढे थांबलं की मोठा प्रश्न निसटतो. त्याच तहाने म्हैसूर निम्मं झालं, १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूचा अर्धा मुलूख गेला, आणि दक्षिणेत कंपनीला अडवू शकेल अशी एक सत्ता मोडकळीला आली. नानांनी हे ओळखलं नसेल? त्यांच्यासारख्या माणसाने हिशेब केला नसेल असं मला वाटत नाही, त्यांना टिपूचं भय जास्त जवळचं वाटलं असणार, आणि त्या वर्षी ते भय चुकीचंही नव्हतं. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे म्हणून त्यांना मूर्ख ठरवणं सोपं आहे. पण हा सगळा विचार करायला चित्राकडे शान म्हणून बघून चालत नाही, त्यातल्या कागदाकडे बघावं लागतं.

आता दुसऱ्या गटाकडे येतो, कारण त्यांचं म्हणणं जास्त वजनदार आहे आणि त्याला नुसतं 'अहो कलेत राजकारण आणू नका' म्हणून उडवून लावणं हा अन्याय आहे. ते म्हणतात ही चित्रं प्रचार होती. होतीच. बेंजामिन वेस्टचं चित्र बघा, बादशहा शाह आलम क्लाइव्हच्या हाती बंगाल, बिहार, ओरिसाच्या दिवाणीचं, म्हणजे महसूल गोळा करण्याच्या हक्काचं, फर्मान देतोय. वेस्ट हिंदुस्थानात कधी आलाच नाही. चित्रात बादशहा भव्य छत्राखाली उंच सिंहासनावर आहे, आणि प्रत्यक्षात ऑगस्ट १७६५ मध्ये अलाहाबादला हा कार्यक्रम क्लाइव्हच्या तंबूत झाला, जेवणाच्या टेबलावर एक खुर्ची ठेवून तिच्यावर कापड टाकलं आणि तेच सिंहासन. वर्षाला २६ लाख रुपयांच्या मोबदल्यात तीन सुभ्यांचा महसूल एका व्यापारी कंपनीच्या हातात गेला, तो असा. चित्राने ती जबरदस्ती झाकली आणि तिचा दानसोहळा केला. याहून उघड प्रचार कुठला?

आणि १८७७. व्हिक्टोरिया राणीला कैसर-ए-हिंद जाहीर करायला व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने १ जानेवारीला दिल्लीत दरबार भरवला, व्हॅल प्रिन्सेपला त्याचं चित्र काढायचं काम मिळालं, ते चित्र राणीसाठी होतं. तो दरबारानंतर संस्थान-संस्थान फिरून एकेका राजाचे चेहरे काढत राहिला आणि शेवटी सात मीटरहून जास्त रुंदीचा कॅनव्हास तयार झाला. त्याच वेळी दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात दुष्काळ सुरू होता, १८७६ ते १८७८ च्या त्या दुष्काळात पन्नास लाखांहून जास्त माणसं मेली असा अंदाज आहे. सोलापूर-विजापूरकडे माणसं गावं सोडून चाललेली आणि दिल्लीत निशाणं वाटली जात होती. हे वाचल्यावर ते चित्र बघून ज्याला राग येतो त्याचा राग मला खरा वाटतो, माझाही तोच राग आहे.

पण म्हणून चित्र काढून टाकायचं? ते काढल्यावर दुष्काळ जास्त दिसतो का कमी? माझं म्हणणं असं की प्रचाराच्या चित्राइतकी चांगली साक्ष दुसरी नाही, कारण प्रचार करणारा माणूस आपल्याला कशाची भीती वाटते आणि लोकांनी काय विसरावं असं वाटतं हे सगळं स्वतःच्या हाताने सांगून टाकतो. वेस्टच्या चित्रात बादशहा इतका उंच का बसवला? कारण फर्मान देणारा खरा सार्वभौम वाटला नाही तर फर्मानाला किंमत उरत नाही. म्हणजे १७६५ नंतरही कंपनीला बादशहाच्या शिक्क्याची गरज होती, स्वतःच्या बळावर राज्य करतो असं म्हणायची तिची हिंमत नव्हती. ही माहिती ते चित्र देतं, आणि ती देताना चित्रकाराला कळतही नाही. लिटनला सगळे राजे एका चौकटीत का हवे होते? कारण १८५७ ला वीस वर्षं होत आली होती आणि मोगलांची रिकामी झालेली जागा कुणीतरी भरलीय हे दाखवणं भाग होतं. स्वतःच्या राज्याबद्दल निश्चिंत असलेला माणूस इतक्या खर्चाने निश्चिंती रंगवून घेत नाही.

आणि प्रचार फक्त गोऱ्यांनीच केला असं समजणं ही तर आपल्याच लोकांना कमी लेखण्याची गोष्ट आहे. १८०३ मध्ये जनरल लेकने दिल्ली घेतली, शिंद्यांची पकड गेली, बादशहा पेन्शनवर आला. त्यानंतरच्या वर्षांत दिल्लीच्या चित्रकारांनी दुसऱ्या अकबरशहाच्या दरबाराची जी चित्रं काढली त्यात बादशहा वर, तेजोवलय घेऊन, आणि कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला तिचा प्रतिनिधी, खाली, इतर दरबाऱ्यांच्या रांगेत उभा. सत्ता कुणाकडे होती हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मग चित्र खोटं का? मला ते खोटं वाटत नाही, ती मागणी आहे, हक्क सांगणं आहे. आणि ती पोकळही नव्हती, कारण दरबारात कोण उभं राहणार आणि कोण बसणार यावर खरोखरची राजकीय लढाई चालायची, १८२७ मध्ये गव्हर्नर जनरल अ‍ॅमहर्स्टने बादशहासमोर खुर्चीवर बसून भेट घेतली तेव्हा तो केवढा मोठा बदल होता हे आधीची ती उभ्या रेसिडेंटची चित्रं बघितल्याशिवाय कळणारच नाही. खुर्ची, जोडे, नजराणा, आसन उजवीकडे की डावीकडे, याला आपण आज मानपानाचे चोचले म्हणतो. त्या काळच्या लोकांना कळत होतं की राज्य असंच इंचाइंचाने जातं.

मराठी वाचकाला ही पद्धत नवीन वाटायचं कारणच नाही, बखरींच्या बाबतीत आपण हे सगळं करून बसलोय. सव्वाशे वर्षांपूर्वी इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींची चिरफाड केली, तारखा चुकतात, माणसं भलत्या ठिकाणी भेटतात, अस्सल पत्रांपुढे बखरीला किंमत नाही असं ठणकावून सांगितलं. बरोबरच होतं. पण म्हणून आपण सभासदाची बखर फेकून दिली का? महाराज गेल्यानंतर सतरा वर्षांनी, १६९७ मध्ये, जिंजीला राजारामांच्या सांगण्यावरून लिहिलेली ती बखर आहे हे ध्यानात ठेवून आजही प्रत्येक अभ्यासक ती वाचतो, पत्रांशी ताडून बघतो, आणि वेढ्यातल्या त्या दरबाराला थोरल्या महाराजांची गोष्ट नेमकी कशी सांगायची होती हेही तिच्यातून काढतो. जी शिस्त शब्दांना लावली ती रंगांना लावायला काय हरकत आहे?

शिवाय राज्याभिषेकाची चित्रं घ्या. शाळेपासून आपण बघत आलोय, सिंहासन, अष्टप्रधान, आणि वाकून मुजरा करणारा इंग्रज वकील. ही चित्रं विसाव्या शतकातली, चित्रकारांनी वर्णनं वाचून कल्पनेने काढलेली. हेन्री ऑक्झेंडन जून १६७४ ला रायगडावर होता, त्याने मुजरा केल्याचं आणि दुभाष्या नारायण शेणव्याने हिऱ्याची अंगठी वर धरून दाखवल्याचं लिहूनही ठेवलंय, तेव्हा प्रसंग खरा आहे. पण सगळ्या दरबारातून चित्रकाराने नेमका वाकलेला इंग्रजच पुढे का आणला? कारण इंग्रजी राज्यात आणि त्याच्या आठवणीत वाढलेल्या समाजाला तेच बघायचं होतं. ही गरज मला अगदी समजते, तिचा मी आदर करतो. मात्र मग आपणही दरबार रंगवताना निवड करतो हे कबूल करायला हवं, आणि ते कबूल केलं की मॅलेटच्या चित्राला 'खोटं आहे, फेका' म्हणणं जरा अवघड होतं.

फेकाच म्हणणाऱ्यांना अजून एक विचारायचंय. नाना फडणवीसांचा चेहरा तुमच्या डोळ्यासमोर कुठून आला? तो सडसडीत, लांबट, गंभीर चेहरा पुस्तकांपासून पुतळ्यांपर्यंत सगळीकडे आहे, आणि तो मुख्यतः वेल्सच्या चित्रातून आलाय. सवाई माधवरावांचा, महादजींचा चेहराही आपण बऱ्याच अंशी त्याच्याच हातून ओळखतो. शनिवारवाड्याचे आतले महाल १८२८ च्या आगीत गेले, आज आपल्यासमोर तट, दरवाजे आणि जोती आहेत. तिथला दरबार आतून कसा होता हे सांगणारी जी थोडकी साधनं उरली त्यात हे चित्र आहे. नुसतं त्याच्यावर विसंबू नका, विश्रामबागवाड्यातले सुरूच्या आकाराचे खांब आणि महिरपी जाऊन बघा, कागदपत्रांशी ताडून बघा, लंडनमध्ये बसून डॅनियलने मनाने काय घातलं असेल ते वेगळं काढा. पण ताडून बघायला आधी चित्र तर हवं.

खरी गोम मात्र चौकटीबाहेर आहे, आणि इथे मी दुसऱ्या गटाच्या सगळ्यात जवळ आहे. १८७७ च्या त्या दिल्ली दरबाराला आपल्या पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, सार्वजनिक काका, हातमागाच्या खादीत गेले होते, सार्वजनिक सभेतर्फे त्यांनी मानपत्र दिलं आणि त्यात हिंदी लोकांना इंग्रज प्रजेच्या बरोबरीचा राजकीय आणि सामाजिक दर्जा मागितला. मला तर त्या दरबारातली पुढच्या काळासाठी सगळ्यात महत्त्वाची घटना हीच वाटते. प्रिन्सेपच्या सात मीटरच्या कॅनव्हासवर राजांच्या दागिन्यांना जागा आहे, त्या खादीला नाही. उदयपूरचे महाराणा फतेहसिंह १९०३ च्या दरबारासाठी दिल्लीपर्यंत गेले आणि दरबारात न बसताच परतले, कवी केसरीसिंह बारहठांनी त्यांना स्वाभिमानाची आठवण करून देणारे सोरठे, म्हणजे दोन ओळींचे छंद, लिहून पाठवले होते. नसलेला महाराणा चित्रात दिसणार कसा? म्हणून मी म्हणतो की चित्राखाली चार ओळी अशाही हव्यात की इथे कोण यायला हवं होतं आणि आलं नाही, कोण आलं आणि रंगवलं गेलं नाही. पण चित्रच हटवलं तर सार्वजनिक काकांची ती गैरहजेरी दाखवणार कुठे, मोकळ्या भिंतीवर?

काही जण म्हणतील की एवढी भानगड कशाला, कॅमेरा आल्यावरचे दरबार बघा, फोटोत लबाडी नसते. १९११ चं उदाहरण त्यांच्यासाठी. १२ डिसेंबरला दिल्लीत पाचव्या जॉर्जसमोर सयाजीराव गायकवाड आले, एकदाच वाकले आणि पाठ फिरवून गेले, याचं चक्क चलतचित्र आहे, त्या काळी लंडनच्या थिएटरांत लोकांनी ते बघितलं, वर्तमानपत्रांनी राजद्रोहाची बोंब मारली, सयाजीरावांना माफीचं पत्र लिहावं लागलं. तो जाणूनबुजून केलेला अपमान होता की दरबारी रीत नीट न कळल्याने झालेली चूक, यावर अजूनही वाद होतो. फिल्म समोर असून होतो. म्हणजे कॅमेऱ्याने फक्त पावलं दाखवली, मनातलं काढायला पुन्हा पत्रं, डायऱ्या, आधीची-नंतरची वागणूक हेच बघावं लागतं. आणि ज्या राजाला १८७७ च्या दरबारात, अजून मिसरूड फुटायचं होतं तेव्हा, इंग्रजी दौलतीचा खास पुत्र असा किताब दिला गेला त्याच राजाने चौतीस वर्षांनी पाठ फिरवली, ही गोष्ट दोन्ही दरबार शेजारी ठेवले तरच दिसते.

एक मागणी हल्ली नेहमी येते, की ही चित्रं परत आणा. लुटून नेलेल्या वस्तू परत आल्याच पाहिजेत, त्यात मला शंका नाही. पण मॅलेटचं चित्र लुटीतलं नाही, ते लंडनमध्ये, मॅलेटच्या पैशाने, लंडनच्या प्रेक्षकांसाठी तयार झालं आणि आज तिथल्या टेट संग्रहालयाकडे आहे. त्यावर हक्काची ओरड करून आपण खऱ्या लुटीची बाजू कमजोर करतो. मागायचंच तर वेगळं मागू. वेल्सची स्केचेस आणि त्याची डायरी अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे, तिथेच गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराची कामं आहेत, ज्याने मॅलेटसाठी पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, वेरूळची लेणी काढली आणि वेल्सच्या हाताखाली काम केलं. आणि त्याच काळातली मोडी कागदपत्रं पुण्यात पेशवे दफ्तरात आहेत. डॅनियलच्या चित्राची पूर्ण आकाराची चांगली छपाई, बाजूला वेल्सची स्केचेस, गंगारामची चित्रं, आणि त्यांच्या शेजारी त्या तहाबद्दलचे मोडी कागद लिप्यंतरासकट, हे सगळं पुण्यात एका दालनात लावायला कुणाच्या मालकीचा प्रश्न येत नाही, संग्रहालयांशी पत्रव्यवहार करणारी आणि मोडी वाचणारी माणसं लागतात. चित्राखालच्या पाटीवर १७९० आणि १८०५ अशी दोन्ही वर्षं लिहा आणि डॅनियल, वेल्स यांच्याबरोबर गंगाराम तांबटाचंही नाव लिहा.